नोंद म्हणजे निकाल नव्हे

मार्चअखेरीचे दिवस होते. आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेत त्या आठवड्यात रोज रात्री बारापर्यंत दिवे असत. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे नेटवर्क सुरक्षेचा कन्सोल उघडला, तर यादीत सगळ्यात वर एक लाल ओळ. वेळ : रात्री ११.४०. पाठवणारी व्यक्ती : हिशेब जुळवणी विभागातल्या एक अधिकारी बाई. कुठे : त्यांचा स्वतःचा खासगी ईमेल. काय : एक एक्सेल फाइल. सापडलेला मजकूर : आधार क्रमांक, ३१२. गांभीर्य : उच्च. कृती : रोखले.

एवढं वाचून वाचकाच्या मनात जे आलं असेल, तेच माझ्याही मनात आलं. शेऱ्याच्या रकान्यात मी दोन शब्द टाइप केले : ‘हेतुपुरस्सर दिसते.’ त्या दोन शब्दांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ही लाल ओळ तयार कशी होते आणि ती वाचायची कशी, ते सांगायला हवं. कारण आज बँका, रुग्णालयं, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या अशा असंख्य ठिकाणी कुणीतरी रोज अशा ओळी वाचत बसलेलं असतं. आपल्या घरातलं कुणी नोकरी करत असेल, तर त्याच्या नावाची ओळही कुठेतरी उमटलेली असू शकते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणकाचं रीतसर शिक्षण झालेलं नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेच्या चार पातळ्या ठरवून दिल्या. त्यानंतर आमच्याकडे ही यंत्रणा आली, आणि ‘तुम्हाला संगणकाची आवड आहे ना?’ एवढ्या पात्रतेवर ती माझ्याकडे आली. नोकरी सोडल्यावरही विषय सुटला नाही. पुढे लिहिलं आहे ते त्या वाचनातून आणि त्या खुर्चीवर केलेल्या चुकांतून आलेलं आहे.

नाक्यावर काय घडतं

या यंत्रणेला डेटा लॉस प्रिव्हेन्शन, थोडक्यात डीएलपी, म्हणतात. संस्थेची माहिती बाहेर गळू नये, हे तिचं काम. पूर्वी आपल्या गावांच्या वेशीवर जकात नाके असत, तसा हा नाका. फरक एवढाच, की हा आत येणाऱ्या मालापेक्षा बाहेर जाणाऱ्या मालाकडे जास्त पाहतो. कर्मचाऱ्याने ईमेलला जोडलेली फाइल, वेबसाइटवर चढवलेला कागद, क्लाउडमध्ये टाकलेली यादी हे सगळं नाक्यावर उघडून पाहिलं जातं.

यावर कुणी म्हणेल, इंटरनेटवरचा मजकूर तर कुलूपबंद असतो, मग तो वाचता कसा येतो? कार्यालयाच्या संगणकात संस्थेने आपल्या नाक्याचं प्रमाणपत्र आधीच बसवलेलं असतं. संगणक त्या नाक्यालाच पलीकडची वेबसाइट समजून कुलूप उघडतो. नाका मजकूर वाचतो, पुन्हा कुलूप लावतो आणि पुढे पाठवतो. लिफाफा फोडून, वाचून, नवी लाख लावून रवाना करावा, तसं. हे बेकायदा नाही. पण कर्मचाऱ्याला ते माहीत असायला हवं.

वाचताना नियमात बसणारं काही सापडलं, की कन्सोलवर एक नोंद उमटते. तिला ‘इन्सिडेंट’ म्हणतात. इंग्रजीत हा शब्द ‘घडलेली गोष्ट’ एवढ्याच अर्थाचा आहे. आपल्या कार्यालयांत मात्र ‘अमक्याच्या नावावर इन्सिडेंट आहे’ असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला ‘गुन्हा’ ऐकू येतो. घोटाळा इथूनच सुरू होतो.

यंत्र आकार ओळखतं

पॅन क्रमांक कसा ओळखायचा? आधी पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर. व्यक्तीचा पॅन असेल तर चौथं अक्षर ‘पी’. आधार कसा ओळखायचा? बारा अंक, पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. यंत्राला ‘आधार’ म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याला हा साचा ठाऊक असतो.

नुसता साचा पुरत नाही म्हणून त्याला गणिताची जोड दिली जाते. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. आयबीएममधले हान्स पीटर लुन यांनी १९५४ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली ते मिळालं. आधारचा शेवटचा अंक वेगळ्या रीतीने निघतो. ती रीत याकोबुस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही रीत ते हमखास पकडते.

पण ती शोधली गेली लिहिणाऱ्याची चूक पकडण्यासाठी, चोर पकडण्यासाठी नव्हे. शेवटचा अंक दहांपैकी एकच बरोबर असू शकतो. म्हणजे कोणतेही बारा अंक सहज उचलले, तर दर दहांतला साधारण एक या परीक्षेत योगायोगाने पास होणार. आता यूपीआयच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आठवा. तोही बारा अंकीच.

त्या बाईंची फाइल मी दुपारी नीट पाहिली. तीन हजारांवर ओळी, आणि रकान्याचा मथळा : ‘यूपीआय संदर्भ क्र.’ यंत्राला त्यात ३१२ आधार दिसले होते. बाई घरी बसून वर्षाचा हिशेब जुळवणार होत्या.

शंभरातले खरे किती

चांगल्या यंत्रणा यावर उपाय करतात. आकड्याच्या आसपास ‘आधार’ किंवा ‘यूआयडी’ असा शब्द आहे का ते पाहतात आणि असेल तरच खात्री जास्त धरतात. काही ठिकाणी ग्राहकांच्या खऱ्या क्रमांकांचे सांकेतिक ठसे आधीच तयार करून ठेवतात आणि जाणारा आकडा त्या ठशांशी ताडून पाहतात. तरीही खोट्या नोंदी उरतातच.

याचं कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, एका संस्थेतून दिवसाला ४०,००० संदेश बाहेर जातात आणि त्यांतले फक्त ८ आक्षेपार्ह आहेत. यंत्र इतकं हुशार आहे की ते आठही पकडतं आणि निर्दोष संदेशांपैकी केवळ एक टक्का चुकून पकडतं. ऐकायला उत्तम. पण एक टक्का म्हणजे सुमारे ४००. कन्सोलवर ४०८ नोंदी आल्या, त्यांत खऱ्या ८. पन्नास नोंदी उघडाव्यात तेव्हा एक खरी.

अशी यादी रोज वाचणाऱ्या माणसाचं दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर तो सगळ्यांवर संशय घेऊ लागतो, किंवा कंटाळून एका फटक्यात सगळ्या नोंदींवर ‘चुकीचा इशारा’ असा शिक्का मारतो. मी दोन्ही केलं आहे.

मराठी अंकांची पळवाट

खोट्या नोंदींपेक्षा मला जास्त अस्वस्थ केलं ते न उमटलेल्या नोंदीने. बँकेने एकदा सभासदांना कॅलेंडर पाठवायचं ठरवलं. पत्त्याच्या चिठ्ठ्या छापायला सभासदांची यादी छापखान्याकडे ईमेलने गेली. पुढे कधीतरी ती फाइल सहज माझ्यासमोर आली. नाव, पत्ता, आणि कुणाच्याही लक्षात न आलेला तिसरा रकाना : आधार क्रमांक. शेकडो माणसांचे, खरे. कन्सोलवर मात्र एकही ओळ नव्हती.

का? यादी मराठीत होती आणि आकडे देवनागरी होते. युनिकोडमध्ये आपल्या ० ते ९ या अंकांना इंग्रजी अंकांहून वेगळी दहा स्थानं आहेत. साचा लिहिताना ‘कोणताही अंक’ अशा अर्थाचं एक चिन्ह वापरतात. पायथन भाषेच्या आजच्या आवृत्तीत त्या चिन्हात देवनागरी अंकही येतात. जावास्क्रिप्टमध्ये येत नाहीत. आमच्या नियमात ते येत नव्हते. त्या नाक्याच्या दृष्टीने त्या कागदावर अंकच नव्हते.

जुन्या फॉन्टची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळी अंकांच्या जुळणीशी संबंध आलेल्यांना हे ठाऊक आहे, की युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य रोमन अक्षरं दिसतात. यंत्राला नेहमी तीच दिसतात. ‘गोपनीय’ हा शब्द पहिल्याच ओळीत ठळक छापलेला असला, तरी यंत्राला तो सापडत नाही.

आणि कुणी पडद्याचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून नेला, तर कोणत्याच नाक्याला पत्ता लागत नाही. मुद्दाम चोरी करणाऱ्याला या वाटा माहीत असतात. म्हणून या जाळ्यात सापडतात ते बहुतेक घाईतले, थकलेले, काम घरी नेणारे लोक. कन्सोलसमोर बसणाऱ्याने ही गोष्ट कधीच विसरू नये.

वाचणाऱ्याने काय वाचावं

चुका करत करत मी स्वतःसाठी एक क्रम ठरवला. पहिलं, आकडा नव्हे, त्याचा शेजार वाचायचा : रकान्याचा मथळा, फाइलचं नाव. दुसरं, किती : एक आधार क्रमांक बहुधा स्वतःचाच असतो, मुलाच्या प्रवेशअर्जातला. तिसरं, कुठे निघालं होतं : लेखापरीक्षकाकडे, स्वतःकडे, की अनोळखी पत्त्यावर. चौथं, या माणसाची रीत काय : दर महिनाअखेरीला तो हेच करतो, की आज पहिल्यांदाच. पाचवं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं : त्याला नियम कुणी सांगितला होता का? घरी काम नेण्याची दुसरी, सुरक्षित सोय दिली होती का? आणि हे सगळं झाल्यावर, शेरा लिहिण्याआधी, त्या माणसाला विचारायचं.

त्या बाईंच्या फाइलमध्ये दुसरं एक पान लपवलेलं होतं. त्यात नऊ ग्राहकांचे खरे आधार क्रमांक होते. फाइल कुणाकडून तरी त्यांच्याकडे आली होती. ते पान त्यांनी पाहिलंही नव्हतं. म्हणजे यंत्राने दाखवलेलं कारण चूक होतं, तरी फाइल रोखली गेली हे योग्यच झालं. अशा वेळी ‘खरा इशारा’ आणि ‘चुकीचा इशारा’ या दोन बटणांपैकी कोणतं दाबायचं? सत्य पुष्कळदा या दोन बटणांच्या मधे असतं आणि ते शेऱ्यातच लिहावं लागतं.

वाचणाऱ्यावर नजर

नोंद उघडली की सापडलेल्या मजकुराचा तुकडा दिसतो. बरेचसे अंक झाकलेले असतात. पूर्ण फाइल पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच द्यायचा असतो. तरीही मला त्या खुर्चीवरून लोकांचे आजार, कर्जं, नोकरी बदलण्याचे अर्ज दिसले आहेत. कुणी काय उघडून पाहिलं याचीही नोंद राहिली पाहिजे आणि ती दुसऱ्या कुणीतरी तपासली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर बाराच दिवसांनी, ५ सप्टेंबरला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रोमानियातल्या एका अभियंत्याच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने त्याचे खासगी संदेश वाचून त्याला २००७ साली काढून टाकलं होतं. मालकाने लक्षच ठेवू नये, असं न्यायालय म्हणालं नाही. कर्मचाऱ्याला आधी कल्पना दिली होती का, आणि लक्ष किती खोलवर ठेवलं, हे रोमानियातल्या न्यायालयांनी नीट तपासलं नाही, असं म्हणालं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्यात मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, गोपनीयता राखण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभाही आहे. म्हणजे नाका राहणारच. प्रश्न नाकेदाराचा आहे.

आता माझ्या दोन शब्दांविषयी. दुपारी सत्य कळल्यावर मी नोंद बंद केली आणि सविस्तर खुलासा लिहिला. पण कन्सोलमधला शेरा पुसता येत नाही. नवा शेरा जुन्याच्या खाली बसतो, आणि तसंच असायला हवं. सकाळी दहा वाजता कुणीतरी उच्च गांभीर्याच्या नोंदींची यादी काढून वर पाठवली होती. त्या यादीत ‘हेतुपुरस्सर दिसते’ एवढंच होतं. त्या वर्षी बाईंची बढती झाली नाही. ती त्या दोन शब्दांमुळे झाली नाही, असं मी म्हणू शकत नाही; त्यांच्यामुळे नव्हे, असंही म्हणू शकत नाही. मी व्यवस्थापकांना लेखी कळवलं, आणि मग बाईंना जाऊन सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, तीनशे आकडे वाचलेत, मग वरचा मथळा वाचायला किती वेळ लागला असता?”

मोजून पाहिलं. चार सेकंद लागतात.