हात वर करताना पोटात काय होतं?

बालमित्रांनो, शाळेतल्या मंत्रिमंडळाची निवडणूक तुम्ही पाहिली असेलच. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री! भातकुलीकडच्या आमच्या शाळेतही ती होते. एका वर्षी मी वर्गात म्हटलं, "मुख्यमंत्री कोण हवा? हात वर करा." सगळ्यांत दांडग्या मुलाचं नाव आलं आणि भराभर हात वर गेले. पण काही हात आधी शेजाऱ्याकडे बघून मग वर गेले, हे माझ्या लक्षात आलं.

सुट्टीत एक मुलगा हळूच जवळ आला. म्हणाला, "गुरुजी, मले त्याले मत नोतं द्याचं. पन थो पाहून रायला होता ना माह्याकडे!"

चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या वाटल्या, खडूच्या रिकाम्या डब्याची मतपेटी केली आणि पुन्हा मतदान घेतलं. काय झालं असेल? एक अबोल मुलगी निवडून आली!

मुलं तीच, वर्ग तोच. मग निकाल का बदलला? कारण भीती गेली. 'गुप्त मतदान' हे शब्द आपण नागरिकशास्त्रात पाठ करतो, पण त्यांचा अर्थ आमच्या वर्गाला त्या दिवशी कळला. माणसाला भीती वाटते, हे ओळखूनच तो नियम केलेला आहे. असाच आणखी एक नियम पाहा. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. भोंगे बंद, सभा बंद. घोषणांनी तापलेलं डोकं जरा थंड व्हावं आणि शांतपणे विचार करून मत द्यावं, म्हणून ही सवड.

हरलेल्या मुलाचं काय झालं? तो रडला. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. हरल्यावर वाईट वाटणारच, त्यात लाज कसली? मी त्याला सांगितलं, "अरे, विधानसभेत विरोधी पक्षनेता असतो. त्याला मंत्र्याचा दर्जा असतो. सरकारला प्रश्न विचारणं हे त्याचं काम. तू आपला विरोधी पक्षनेता!" तिसऱ्या दिवशी त्यानं पहिला प्रश्न विचारला, "टाकीची तोटी गळते, थे दुरुस्त काहून नाही होत?" आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारट. गोड पाण्याचा थेंब वाया गेला की इथं राग येतोच. त्याच्या रागाला आता नीट वाट मिळाली होती. आठवड्याभरात तोटी बदलली.

रागाची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्या अमरावतीचीच एक मोठी गोष्ट सांगतो. तिथल्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या लोकांना प्रवेश नव्हता. आपल्याच गावात, आपल्याच देवीच्या दारात अडवलं, तर मनाला किती लागेल? १९२७ साली त्यासाठी सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. राग होता, पण त्यांनी त्याचं भांडण केलं नाही. त्यांनी माणसं जमवली, सभा घेतल्या, हक्क मागितला. पुढे पंजाबराव संविधान सभेचे सदस्य झाले. २६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

पण एक सांभाळा हं! राग नेहमी खरंच बोलतो असं नाही. कुणी मुद्दाम आपल्याला चिडवतो, कुणी घाबरवतो. म्हणून भाषण ऐकताना किंवा मोबाइलवर काही पाहताना मन उसळलं, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा : मला नेमकं काय वाटतंय? ते कशामुळे वाटतंय? हे खरं आहे, हे मी कुणाकडून पडताळून घेऊ?

पालकहो, घरी राजकारणाच्या गप्पा निघाल्या की आपण मुलांना म्हणतो, "तुले काय समजते त्यातलं?" त्याऐवजी एकदा विचारून पाहा, "तुला काय वाटलं रे?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

आणि मित्रांनो, गावात ग्रामसभा भरेल तेव्हा आईबाबांबरोबर जा. मत देण्याचं वय १८ आहे, पण ऐकायला वय लागत नाही. कोण चिडलं, कोण गप्प बसलं, कोणाचं बोलणं कुणीच ऐकलं नाही, ते वहीत लिहा. जो गप्प बसला, तो का गप्प बसला असेल? विचार करा बरं!