संभाव्य उमेदवारांची वृत्तपत्रीय छाननी

उच्च राजकीय पद लढविण्याचा विचार करणाऱ्या, परंतु उमेदवारी जाहीर न केलेल्या व्यक्तीचे वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांनी केलेले परीक्षण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षपदासाठी ही प्रथा विशेष रूढ आहे. नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांनी उमेदवारांना समान संधी देण्याचे १९३४ च्या दळणवळण अधिनियमातील बंधन विधिवत् उमेदवारांपुरतेच असल्याने इच्छुकास ते संरक्षण मिळत नाही.

मिशिगनचे गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी हे रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुकांत आघाडीवर मानले जात. ३१ ऑगस्ट १९६७ रोजी डिट्रॉइट येथे ध्वनिचित्रमुद्रित झालेल्या मुलाखतीत ते म्हणाले, की १९६५ च्या व्हिएटनाम-भेटीत सेनानी व राजनैतिक अधिकारी यांनी आपल्या ‘मेंदूची धुलाई’ केली. युद्धाविषयीची अधिकृत माहिती दिशाभूल करणारी होती, हा त्यांचा मुद्दा पुढे पुष्कळ अंशी खरा ठरला. वृत्तपत्रांनी मात्र तो एक शब्दप्रयोगच उचलला आणि चर्चा युद्धावरून रॉम्नींच्या निर्णयशक्तीवर गेली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी उमेदवारी घोषित केली, तोवर त्यांचे स्थान ढासळले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये, न्यू हँपशरमधील पहिल्या प्राथमिक निवडणुकीपूर्वीच, त्यांनी माघार घेतली.