बाराव्या पडद्यासमोर

जी गिटार मी वीस वर्षे मांडीवर घेऊन वाजवीत आलो, तिचा आवाज मला अंतर्बाह्य परिचित आहे, ही माझी खातरजमा गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका स्नेह्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एका दुपारीच ढासळली. वाजविणारा वाद्याच्या मागे आणि किंचित वर बसतो. स्प्रूसच्या दर्शनी फळीतून उमटणारा नाद मात्र मुख्यतः समोर जातो. त्यामुळे ज्याची गिटार, त्यालाच ती श्रोत्यांच्या कानांनी ऐकावयास मिळत नाही.

या खटाटोपाला निमित्त झाले ते आदल्या हिवाळ्यातील एका मैफलीचे. मोकळ्या अंगणात व्यासपीठ होते, आणि गिटारीच्या सॅडलखाली बसवून घेतलेल्या पिकअपची वायर थेट मिक्सरला जोडली होती. पहिला झंकार कर्ण्यातून बाहेर पडला तेव्हा खर्जाच्या तारांतील भरदारपणा नाहीसा झालेला, आणि वरच्या तारांवर प्लास्टिकची पट्टी टिचकावल्यासारखा कोरडा टणत्कार तेवढा उरलेला. ध्वनिवर्धकावर बसलेल्या गृहस्थांनी सद्भावनेने खर्ज वाढविला. तेव्हा गिटारीचे पोट आपण होऊन घुमू लागले. त्या पोटातील हवेचा नैसर्गिक अनुनाद सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि कर्ण्याचा आवाज फिरून तेथे पोहोचला की फीडबॅकला आमंत्रण मिळते. मी त्या रात्री पिकअपला मनोमन दोष दिला, तो अन्यायाचा होता.

काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांतून विद्युत्भार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. सॅडलखालची ती बारीक पट्टी त्याच गुणावर चालते. तिला तारेचा दाब कळतो. लाकूड आणि हवा यांची वार्ता तिच्यापर्यंत फारच थोडी पोहोचते. शिवाय तिचा विद्युत्संदेश इतका नाजूक की मिक्सरच्या सामान्य जोडणीचा भार त्याला सोसवत नाही, आणि पहिला बळी जातो तो खर्जाचाच. एक मेगॅओहम किंवा त्याहून अधिक रोध असलेला प्रीअँप मध्ये घालणे हाच त्यावरचा इलाज. स्नेह्यांनी तो जोडून तीच गत पुन्हा वाजवावयास सांगितली, तेव्हा टणत्कार पूर्णपणे गेला नाही, पण खर्ज परत आला.

ध्वनिरंध्रावर अडकविण्याच्या चुंबकीय पिकअपविषयी मला फार सांगावयाचे नाही. त्याला पोलाद तेवढे कळते. जाड तारांवरील कांस्याचे वेष्टण त्याच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखेच, म्हणून वेष्टण नसलेल्या तारा अवास्तव पुढे येतात, आणि नायलॉनच्या तारा तर त्याला ऐकूच येत नाहीत. आवाज गोड खरा, परंतु तो विजेच्या गिटारीचा सोयरा. ब्रिजच्या खाली, आतल्या बाजूने, नाण्याएवढ्या तीन चकत्या चिकटवितात तो प्रकार मला अधिक भावला. त्या लाकडाचेच स्पंदन घेतात, तळव्याचा आघातही सांगतात, मात्र मोठ्या आवाजाच्या व्यासपीठावर त्या पट्टीहून लवकर घुमू लागतात.

एवढे झाल्यावर स्नेह्यांनी पेटीतून पेन्सिलीसारखा सडपातळ कंडेन्सर माइक काढला. अशा माइकला बाहेरून वीज लागते, आणि तिचे ४८ व्होल्ट हे परिमाण रूढ होण्यामागे एक हृद्य योगायोग आहे: १९६६ साली नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नवे माइक सिद्ध केले, तेव्हा तेथे आणीबाणीच्या दिव्यांकरिता ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच मौजूद होता. माइक मी स्वाभाविकपणेच ध्वनिरंध्रासमोर धरावयास सांगितला, कारण आवाज तेथूनच निघतो अशी माझी समजूत. आणि ऐकू आला तो रांजणात बोलल्यासारखा घुमारा. ब्रिजच्या मागे नेला, तर लाकूड बोलू लागले, पण नाकातून. मग स्नेही स्वतःच खाली बसले, एक कान बोटाने बंद करून दुसरा कान त्यांनी गिटारीभोवती सावकाश फिरविला. पुजाऱ्याने गाभाऱ्यात समई लावण्यास जागा पाहावी तितक्या निगुतीने. बाराव्या पडद्यासमोर, वीतभराहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर अंतरावर, त्यांचे डोके थांबले, आणि माइक तेथे आला. तो चार बोटे जवळ सरकविला की खर्ज फुगतो, दूर नेला की खोली बोलू लागते. ही चार बोटे कोणत्याही बटणाने भरून निघत नाहीत, हे मी त्या दुपारी कानांनी पाहिले.

दोन्ही एकत्र घ्यावे, ही माझी तजवीज त्यांनी मोडून काढली नाही, फक्त ऐकवून दाखविली. पिकअपचा संदेश तत्काळ पोहोचतो. माइकपर्यंतची ३० सेंटीमीटर हवा ओलांडण्यास नादाला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागते. ते तसेच मिसळले की काही कंपने एकमेकांना खाऊन टाकतात, आणि दोन धष्टपुष्ट आवाजांतून एक कृश आवाज जन्मतो. संगणकावर पिकअपची रेघ तेवढीच मागे सरकविल्यावर तो सावरला. तरीही माझा कौल एकट्या माइककडेच पडला. व्यासपीठासाठी मात्र सॅडलखालची पट्टी, प्रीअँप आणि ध्वनिरंध्रावर रबरी झाकण, हीच व्यवस्था मी कायम केली. तेथे माइक उघडा ठेवणे म्हणजे शेजारच्या तबल्यालाही त्यातून आत घेणे.

पत्र्यावर पावसाची सर आली आणि माइकने ती इमानाने नोंदविली. ती ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. मग जे मुद्रण झाले ते ऐकताना, प्रत्येक खर्ज स्वराच्या अगोदर एक सूक्ष्म खरखर मला ऐकू आली. मी पुन्हा ऐकविण्यास सांगितले. वेष्टणाच्या तारेवर माझ्या अंगठ्याच्या नखाची डावी कड घासत होती. ती किती वर्षे घासत असेल कोण जाणे. स्नेह्यांनी काही न बोलता मेजाचा खण उघडला आणि नखे घासण्याची लहानशी कानस माझ्या हाती दिली.