जुना मदरबोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये बसेल का?

तर मंडळी, पीसी आठ-दहा वर्षांचा, बोर्ड अजून ठणठणीत, फक्त डबा खिळखिळा झालाय. नवं कॅबिनेट घेतलं तर बोर्ड बसेल? बहुतेक वेळा बसतो. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्सचं माप ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि स्क्रूच्या भोकांच्या जागा आजही त्याच आहेत. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, तोही मोठ्या कॅबिनेटमध्ये आरामात मावतो. ब्रँडेड तयार पीसी असेल तर मात्र आधी मोजून बघा. त्यांची भोकं, पॉवरच्या पिना कधीकधी वेगळ्याच असतात.

खरी गोम आहे स्टँडऑफमध्ये, म्हणजे बोर्डाखालच्या त्या छोट्या पितळी खांबांत. काही खांब कॅबिनेटमध्ये आधीच बसवलेले येतात. बोर्डाला जिथे भोकच नाही तिथे एखादा राहिला, तर तो मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट! चांगला चालता बोर्ड भंगारात जाऊ शकतो. म्हणून आधी बोर्ड वर धरून भोकं जुळवा, जास्तीचे खांब काढून टाका. आणि हो, मागची पत्र्याची आयओ शील्ड जुन्या डब्यातून आठवणीनं काढा. ती तुमच्या बोर्डाच्या पोर्टनुसारच कापलेली असते, नव्या कॅबिनेटसोबत मिळत नाही.

पुढच्या यूएसबी ३ ची वायर १९ पिनांची. जुन्या बोर्डावर फक्त ९ पिनांचं यूएसबी २ असेल तर छोटा अडॅप्टर मिळतो, पण स्पीड यूएसबी २ चाच. पॉवर बटणाची वायर उलटी लागली तरी चालतं. एलईडीची उलटी लागली तर दिवा तेवढा पेटत नाही.