फोटो कागदावर उतरविण्याचे प्रयोजन



काठीच्या राजवाडी होळीला आपल्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असतील. तेथे आता ढोलांच्या जोडीला कॅमेरेही आलेच. हौशी मंडळी रात्रभर फोटो काढतात, सकाळी ते एकमेकांच्या मोबाइलवर धाडतात आणि आठवड्याभरात विसरतात. अंगावर पांढरे ठिपके रेखून, मोरपिसांचा उंच टोप घालून जो पहाटेपर्यंत नाचला, त्याच्या हाती मात्र बहुधा काहीच पडत नाही. हे देणे कसे फेडावे, हा आजचा विषय.

कागदाचा फोटो वाटण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या आश्रयाने १८५६ पासून हौशी छायाचित्रकारांचा एक संग्रह दरमहा प्रसिद्ध होई व त्याच्या प्रत्येक अंकात तीन खरे फोटो असत. आज साधने सोपी झाली. पण चांगली प्रत हवी तर तीन गोष्टी ध्यानात धराव्या लागतात.

पहिली गोष्ट बिंदूंची. डिजिटल फोटो म्हणजे रंगीत बिंदूंची रांगोळीच होय. सुबक छपाईला दर इंचास सुमारे ३०० बिंदू लागतात. म्हणजे ४ × ६ इंची फोटोला १२०० × १८०० बिंदू हवेत. मोबाइलवरून निरोपासारखा धाडलेला फोटो वाटेत आकुंचन पावतो. समजा, त्याची लांबी १६०० बिंदू उरली. तर १२ इंची कागदावर दर इंचास जेमतेम १३३ बिंदू येतील आणि चेहरा धूसर दिसेल. म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

दुसरी गोष्ट आकाराची. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणाचा, तर ४ × ६ चा कागद ३:२ प्रमाणाचा असतो. कागद पुरा भरावयाचा तर आडव्या फोटोची उंची अर्धा इंच कापली जाते, आणि नेमकी मोरपिसांची टोके जातात! तेव्हा काढतानाच वर मोकळी जागा सोडावी.

तिसरी गोष्ट उजेडाची. पडदा स्वतः प्रकाशतो. कागद केवळ पडलेला प्रकाश परत देतो. म्हणून पडद्यावर ठीक दिसणारा रात्रीचा फोटो कागदावर काळवंडतो. आधी एकच लहान प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी, आणि मग बाकीच्या काढाव्यात.

प्रत तयार झाली की मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी. ती उन्हात टांगू नये, रंग उडतात. चार जणांत वाटण्यापूर्वी ज्याचा फोटो आहे त्याची संमती घ्यावी, आणि पहिली प्रत त्यालाच द्यावी. मोबाइल बिघडला की त्यातले फोटो अनेकदा त्याबरोबरच जातात. घरातल्या पेटीत ठेवलेला कागद नातवंडांपर्यंत पोहोचू शकतो. पुढल्या होळीला सातपुड्यात जाताना कॅमेऱ्याबरोबर गेल्या वर्षीच्या फोटोंचे एक पाकीट पिशवीत असावे, एवढेच माझे मागणे आहे.