तपासणी मालाची व्हावी, नावाची नव्हे

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ताका कितीही नामांकित मिलचा असो, तो उलगडून उजेडात पाहिल्याशिवाय चोख व्यापारी माल ताब्यात घेत नाही. आणि मिल अनोळखी आहे एवढ्याच कारणाने ताका परतही करीत नाही. दोष धाग्यात असतो, छापात नसतो. विमानतळावरच्या आणि सरहद्दीवरच्या तपासणीचा प्रश्न आम्ही याच नजरेने पाहतो.

तपासणी नको, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळले आणि 329 जीव गेले. बॉम्बची बॅग कॅनडातील व्हँकुव्हरहून निघाली होती. बॅगेचा मालक मात्र विमानात बसलाच नव्हता. प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही, हा धडा जगाला त्यातून मिळाला. हा नियम कोणाचे नाव विचारीत नाही, सर्वांना सारखा लागू होतो. म्हणूनच तो उपयोगी पडतो.

आता दुसरी तऱ्हा पाहा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यातील 19 अपहरणकर्ते व्हिसा घेऊन अमेरिकेत आले होते. चोरवाटेने सरहद्द ओलांडून कोणी आला नव्हता. तरीही पुढच्याच वर्षी अमेरिकेने 25 देशांतून आलेल्या पुरुषांसाठी विशेष नोंदणी सुरू केली. उत्तर कोरियासारखा अपवाद सोडला, तर यादीतील बहुतेक देश मुस्लिम होते. पाकिस्तान आणि बांगला देश यादीत होते, भारत नव्हता. अमेरिकेत राहणाऱ्या 80 हजारांहून अधिक लोकांनी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे दिले. त्यांपैकी 13 हजारांहून अधिक लोकांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात मात्र या नोंदणीमुळे एकालाही शिक्षा झाली नाही. 2011 साली देशांची यादी रद्द झाली आणि डिसेंबर 2016 मध्ये तो नियमच काढून टाकण्यात आला.

व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे बेकायदा आहे, त्यावर कारवाईचा हक्क प्रत्येक सरकारला आहे. पण रोजीरोटीसाठी लपून राहणारा मजूर आणि बॉम्ब लपविणारा इसम यांना एकाच जाळ्यात धरायला गेले की मजूर सापडतो, दुसरा निसटतो. डिसेंबर 2001 मध्ये बुटात स्फोटके घेऊन विमानात बसलेल्या रिचर्ड रीडजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता. ब्रिटन त्या यादीत कधीच नव्हते.

ऑक्टोबर 2010 ची घटना तर आम्हा व्यापाऱ्यांच्या अधिक जवळची. येमेनहून शिकागोच्या पत्त्यावर निघालेल्या दोन पार्सलांत, प्रिंटरच्या शाईच्या डब्यांत, स्फोटके होती. एक पार्सल दुबईत सापडले, दुसरे इंग्लंडमध्ये. इंग्लंडमध्ये पहिल्या तपासणीत काहीच हाती लागले नव्हते. माल पकडला गेला तो सौदी अरेबियाने दिलेल्या खबरीमुळे. यंत्र चुकले, खबर चुकली नाही. आणि खबर तिथूनच येते, जिथे भरवसा आहे. ज्या समाजाला रांगेतून रोज बाजूला काढले जाते, त्याच्याकडून भरवशाची अपेक्षा कशी करावी?

मात्र नुसती तक्रार करून धंदा चालत नाही. अमेरिकेच्या 2007 च्या कायद्याने प्रवासी विमानातून जाणाऱ्या सर्व मालाची तपासणी सक्तीची केली. तेव्हा नमुने पाठविताना कागदावर नुसते ‘सॅम्पल’ लिहू नये. सुती की पॉलिस्टर, किती मीटर, वजन किती, किंमत किती, हे स्वच्छ लिहावे. कापडाच्या खोक्यात डाग काढण्याचे रसायन किंवा फवाऱ्याचा डबा ठेवू नये. मोघम कागद असला की खोके अडकते आणि हंगाम निघून जातो.

प्रवासाला जाणाऱ्या बांधवांनी नावाची काळजी घ्यावी. पासपोर्टवर ‘मोहम्मद’ पूर्ण आणि तिकिटावर नुसते ‘मोहं.’, असे आपल्याकडे सर्रास होते. अमेरिकेच्या विमानात नाव, जन्मतारीख तिथल्या सरकारी यादीशी ताडून पाहतात. एका अक्षराच्या फरकानेही खोळंबा होऊ शकतो. दुसऱ्या कोणाच्या नावाशी साम्य असल्यामुळे वारंवार अडविले जात असेल, तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे अर्ज करण्याची सोय 2007 पासून आहे. अर्जदाराला एक क्रमांक मिळतो, तो तिकीट काढताना द्यावा. आपल्यातील फार थोड्यांना ही सोय माहीत आहे.

रीडच्या प्रकारानंतर अमेरिकेत प्रवाशांना बूट काढायला लावू लागले. पुढे ती सर्वांवरच सक्ती झाली आणि जुलै 2025 पर्यंत चालली. त्रास झाला, पण अपमान वाटला नाही, कारण पुढच्या माणसाचेही बूट निघत होते. आम्ही सवलत मागत नाही. सर्वांना लावता तेच माप आम्हालाही लावा, एवढेच आमचे मागणे आहे.