कैनकरी: समुद्रपातळीखालचं शिवार

कैनकरीत होडीत बसलेल्या माणसाला भातशेत खाली वाकून पाहावं लागतं. केरळमध्ये अलप्पुळाजवळ, वेंबनाड सरोवराच्या काठचं हे कुट्टनाडातलं गाव. इथली बरीच शेतं समुद्रसपाटीच्या एक-दोन मीटर खाली आहेत. गोव्यातल्या खाजणांत ओहोटीला मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार उघडलं की पाणी आपसूक निघून जातं. इथे ते उपसूनच काढावं लागतं.

ही जमीन माणसांनी केलेली. सरोवरात खांब रोवायचे आणि तळाचा चिखल उपसून बांध घालायचे, हे जीवघेणं काम मुख्यतः पुलया-परया या दलित जातींतल्या मजुरांनी केलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा जोसेफ मुरिक्कन या बड्या शेतकऱ्यानं त्रावणकोर संस्थानाच्या पाठिंब्यानं चित्तिरा, मार्तांडम आणि राणी ही अफाट शिवारं उभी केली. नावं राजघराण्यातली. पुढे १९७०च्या दशकात सरकारनं ती ताब्यात घेऊन शेतमजुरांना वाटली.

मालकीचे तुकडे झाले, पाण्याचे करता आले नाहीत. एका बांधाच्या आतलं सगळं शिवार म्हणजे ‘पाडशेखरम’. त्याची शेतकऱ्यांची समिती असते आणि उपसा तीच ठरवते. पूर्वी मजूर पायांनी चक्र फिरवून पाणी काढत. नंतर ‘पेट्टी-परा’ हा लाकडी पेटी-पिंपाचा पंप आला. पाणी उतरलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ‘पुंजा’ हंगामासाठी मोड आलेलं बी फेकून पेरतात. शेजाऱ्याआधी पेरून पुढे जाण्याची सोय इथे नाही, आणि बांध फुटला तर पीक सगळ्यांचंच बुडतं.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कापणी. यंत्र पाण्यावरून येतं, पोतीही होडीनं जातात, म्हणून माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी वाढते. भात सरकारी ‘सप्लायको’ घेते, पण पैसे वेळेवर मिळत नाहीत ही नेहमीची ओरड. कापलेल्या शेतात बदकं चरतात. काही शिवारांत भातानंतर मासे वाढवतात.

खारं पाणी रोखायला १९७०च्या दशकात सरोवरावर तण्णीरमुक्कमचा बांध झाला. भाताला आधार मिळाला, पण माशांची ये-जा अडली आणि पाणी साचून जलपर्णी माजली. दरवाजे कधी उघडायचे, यावर शेतकरी आणि मच्छीमारांचं अजून जमत नाही. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा मान दिला. २०१८च्या पुरात मात्र कुट्टनाडातली बहुतेक घरं रिकामी करावी लागली.

पर्यटक इथे हाऊसबोटीतून येतात. ती मुळात भाताची पोती वाहणारी ‘केट्टुवळ्ळम’. शेती बघायची असेल, तर अलप्पुळाच्या धक्क्यावरून सुटणारी सरकारी प्रवासी बोट पकडावी. तिचं तिकीट स्वस्त आहे, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्याला यंदाचा उपसा कधी सुरू झाला हे नक्की माहीत असतं.